नावडतीचा कोबी

शेजारच्या आजींनी वाटीतली भाजी निम्म्याहून जास्त संपवली होती, दुसरी पोळी मोडायला घेतली होती, आणि मग त्यांनी विचारलं की हे नेमकं आहे तरी काय. पीठ पेरून केलेली भाजी, मी म्हटलं, आत ब्रसेल्स स्प्राउट्स बारीक चिरून घातलेत. त्यांचा घास तिथंच थांबला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. या बाबतीत इंग्रज माणसाचा हात कुणी धरू शकणार नाही. पाण्याचा घोट घेऊन त्या ‘हाउ इंटरेस्टिंग’ म्हणाल्या आणि नंतर त्या वाटीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. वरणभात जेवल्या, लिंबाचं गोड लोणचं दोनदा मागून घेतलं, नातवाच्या नव्या नोकरीबद्दल बोलल्या, जाताना नेहमीसारखा गालाला गाल लावला. मला राग वगैरे आला नाही. पण भांडी आवरताना वाटीच्या तळाशी उरलेल्या त्या चार घासांनी माझं डोकं खाल्लं. पाच मिनिटांपूर्वी हीच भाजी त्यांना ‘डिलिशस’ लागली होती. मग तिच्यात बदललं काय? मीठ तेवढंच होतं, फोडणी तीच होती, गरमसुद्धा ती तितकीच होती.

इंग्लंडात राहणाऱ्यांना ब्रसेल्स स्प्राउट्सचं, म्हणजे या लिंबाएवढ्या बारक्या कोबीचं, प्रकरण वेगळं सांगायला नको. वर्षाचे अकरा महिने तिला फारसं कुणी विचारत नाही आणि डिसेंबर लागला की सुपरमार्केटच्या दारातच जाळीच्या पिशव्यांचे ढीग लागतात, बाजूला गड्ड्यांनी लगडलेले अख्खे दांडे उभे करून ठेवलेले. नाताळच्या जेवणात टर्की, भाजलेले बटाटे, पार्सनिप, ग्रेव्ही, आणि प्रत्येकाच्या ताटात दोन-तीन स्प्राउट्स. ते वाढल्याशिवाय चालत नाही, आणि वाढल्यावर तोंड वाकडं केल्याशिवायही चालत नाही. ‘यंदाचे स्प्राउट्स नोव्हेंबरातच उकळत ठेवा’ हा विनोद मी इथं आल्यापासून दर वर्षी ऐकते, आणि सांगणारा दर वेळी तो आताच सुचल्याच्या थाटात सांगतो. ऑफिसच्या पहिल्या नाताळ-जेवणात मी माझ्या ताटातले संपवून शेजारणीनं बाजूला सारलेलेही मागून घेतले, तेव्हा टेबलावर सगळे गप्प झाले. बटाटे मागितले असते तर कुणी मानही वर केली नसती. २०१४ साली स्टुअर्ट केटल नावाच्या गृहस्थांनी कॅन्सरच्या रुग्णांसाठी निधी जमवायला स्प्राउट नाकानं ढकलत ढकलत स्नोडन डोंगराच्या माथ्यावर नेला. चार दिवस लागले. बटाटा ढकलला असता तर कुणी दमडी सोडली नसती असं मला वाटतं.

आम्ही राहतो पीटरबरोला. इथून स्पाल्डिंगवरून बॉस्टनकडे (इंग्लंडातलं, मूळचं बॉस्टन) निघालं की लिंकनशायरची सपाट शेतं लागतात. डोंगर नाही, टेकडी नाही. साताऱ्याच्या माणसाला नजर कुठे टेकवावी कळत नाही. एका हिवाळ्यात गाडी थांबवून मी शेताच्या कडेला गेले. कमरेइतकी झाडं, निळसर राखी पानं, शेंड्याला सैल पानांचा झुबका, आणि जाड दांड्याला खालून वर गोल फिरत गेलेले गड्डे. प्रत्येक गड्डा एकेका पानाच्या बगलेत बसलेला. खालची पानं पिवळी पडून गळालेली, तिथं दांड्यावर नुसता वण, आणि वणाच्या वर गड्डा. खालचे लिंबाएवढे झालेले, वरचे अजून बोराएवढे. पानांच्या कडांवर रात्रीचं दव गोठून पांढरं झालेलं. एक पान वाकवलं तर कटकन मोडलं. पलीकडे ट्रॅक्टरमागच्या यंत्रावर चार-पाच जण उभे होते. दांडा उचलायचा, यंत्राच्या तोंडात द्यायचा, आतली पाती गड्डे खरवडून घेणार, की लगेच दुसरा दांडा. त्यांचं आपसातलं बोलणं इंग्रजी नव्हतं. या पट्ट्यातल्या शेतांवर पूर्व युरोपातून आलेली बरीच माणसं राबत आली आहेत. माझी बोटं तेवढ्या वेळात बधिर झाली. पण हे पीक थंडीचंच. गारठा वाढला की झाड साठवलेल्या पिठाची साखर करतं, म्हणजे पेशीतलं पाणी सहजासहजी गोठत नाही. पहिलं हिव पडल्याशिवाय स्प्राउट तोडू नये असं इथले जुने लोक म्हणतात, ते उगीच नाही. जानेवारीतला गड्डा नुसता वाफवून खाल्ला तरी मागून गोडसर लागतो.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली, केल आणि हा, सगळे एकाच वनस्पतीचे वंशज. माणसानं कुठे पान पोसलं, कुठे फूल, कुठे खोड. ब्रसेल्सच्या आसपासच्या माळ्यांनी बगलेतला कोंब पोसला. मोहरी यांची चुलत बहीण, आणि खरी गंमत तिथं आहे. स्प्राउटला कडवटपणा देणाऱ्या द्रव्यांपैकी एक आहे सिनिग्रिन. तेच आपल्या फोडणीच्या मोहरीत ठासून भरलेलं असतं. पान चिरलं, दाणा चेचला, की पेशीतलं एक विकर त्याच्यावर तुटून पडतं आणि तो नाकात जाणारा झणका तयार होतो. लोणच्यासाठी, लाल भोपळ्याच्या रायत्यासाठी माझी आजी मोहरी फेसायला बसायची. पाण्याचा हबका मारायचा, फेसायची, पुन्हा हबका. वास घ्यायला मला पुढं करायची, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं की म्हणायची, “आता चढली बघ.” आमच्याकडे ज्या झणक्यासाठी हात दुखेपर्यंत मोहरी फेसली जायची, त्याच झणक्याला हाकलायला इथं पिढ्यान् पिढ्या स्प्राउट्स उकळले गेले. आणि हाकलून तो गेलाही नाही. जास्त उकळलं की गंधकाची संयुगं सुटतात, सगळं घर वासानं भरतं, पडद्यांत तो वास मुक्कामाला राहतो. भांड्यात उरतो तो करड्या हिरव्या रंगाचा, चमच्यानं दाबला की पाणी सोडणारा गोळा. तो गोळा मलाही आवडत नाही. कुणाला आवडावा अशी अपेक्षाही करू नये.

जिभेचीही एक बाजू आहे म्हणा. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ पीटीसी नावाची पूड हाताळत असताना थोडी हवेत उडाली. जवळचा सहकारी कडू कडू म्हणून तक्रार करायला लागला. फॉक्स यांना काहीच लागेना. दोघांनी चाखून पाहिली, एकाला जहर, दुसऱ्याला बेचव. हा फरक आनुवंशिक असल्याचं पुढं कळलं आणि २००३ साली त्यामागचं जनुकही सापडलं. त्याची एक विशिष्ट घडण ज्यांच्याकडे असते त्यांना पीटीसी, आणि रासायनिकदृष्ट्या तिच्या जवळची कोबीवर्गातली द्रव्यं, इतरांपेक्षा कितीतरी कडू लागतात. माझा नवरा कारलं आवडीनं खातो आणि कोबीची कच्ची पचडी मात्र कडू लागते म्हणतो. त्याला खोटं पाडायला आता माझ्याकडे काही उरलेलं नाही.

पण आजींची जीभ तर साक्षीला होती. अर्धी वाटी जाईपर्यंत तिनं चकार शब्द काढला नव्हता.

बऱ्याच दिवसांनी फाटकाशी उभ्या उभ्या गप्पा चालल्या असताना आजींनी आपणहून शाळेचा विषय काढला. पन्नासच्या दशकातली लिंकनशायरमधली शाळा, युद्धानंतरचं रेशनिंग संपतं न संपतं तोवरचे दिवस. जेवणाच्या हॉलमध्ये लांब बाकं, मोठ्या टोपातून पळीनं पडणारे ते करडे गोळे, आणि ताट रिकामं झाल्याशिवाय मैदानावर सोडायचं नाही असा दंडक. एकदा हॉल रिकामा झाला तरी त्या एकट्याच बसून होत्या. बाहेर मुलींच्या दोरीवरच्या उड्या, समोर गार झालेले गड्डे. शेवटी त्यांनी ते रुमालात गुंडाळून खिशात घातले आणि घरी जाताना वाटेतल्या चरात भिरकावले. हे सांगताना ऐंशीच्या घरातल्या त्या बाईंनी आधी इकडेतिकडे बघून घेतलं, कुणी ऐकत तर नाही ना. वर मला दटावलं, की हे आमच्या यांना सांगू नकोस, त्यांना वाटतं मी लहानपणी फार शहाणी होते.

आणि आजींची तक्रार काही निव्वळ लहान मुलीचा हट्ट नव्हती. तेव्हाचा गड्डा खरोखरच आजच्यापेक्षा कडू होता. नव्वदच्या दशकात हॉलंडमध्ये बियाण्यांच्या कंपनीत काम करणाऱ्या हान्स फान डोर्न या शास्त्रज्ञानं स्प्राउटला कडू करणारी नेमकी दोन द्रव्यं दाखवून दिली. एक मघाचं सिनिग्रिन, दुसरं प्रोगॉयट्रिन. मग बियाणं कंपन्यांनी जपून ठेवलेली जुनी वाणं बाहेर काढली, त्यांतली कमी कडू वेचली आणि भरघोस पीक देणाऱ्या नव्या वाणांशी त्यांचा संकर केला. हळूहळू बाजारातला गड्डा आतून बदलला. वरून पाहणाऱ्याला पत्ताही लागला नाही.

म्हणजे आजी ज्याच्यावर रुसून बसल्यात, तो कोबी आता शेतात उगवतच नाही.

हे कळल्यावर मला आजींची थोडी कीव यायला लागली होती, तेवढ्यात शेपू आठवला. साताऱ्याच्या घरी शेपूवरून दोन तट होते. आजी, बाबा आणि धाकटा भाऊ एकीकडे. मी आणि काकू दुसरीकडे. मंडईतून पिशवी आली की मेथीच्या जुड्यांखाली दडवलेला असला तरी मला दारातच कळायचा. आजी मुगाची डाळ भिजत घालायची, लसूण ठेचून तेलात टाकायची, तोवर सगळं ठीक असायचं. मग ती झिपरी पानं कढईत पडायची आणि मी वरच्या खोलीत पळायचे. शेपूत कडू काही नाही. सगळा मामला वासाचा, आणि दिवेलागणीला ढेकर येतो तोही शेपूचाच. पानात पडलेलं टाकायचं नाही हा आमच्याकडचाही नियम, त्यामुळे ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्यात ती भाजी कोंबायची आणि न चावता ताकाबरोबर ढकलायची, ही माझी युक्ती. रुमालाची कल्पना मला सुचली नाही. अजून, या वयात, हॉटेलात माशावर शोभेसाठी ठेवलेली शेपूची काडी मी सुरीच्या टोकानं ताटाच्या कडेला नेते. उद्या कुणी शेपू घातलेलं घावन न सांगता माझ्यापुढे ठेवलं, मी बोटं चाटून खाल्लं आणि मग मला सांगितलं, तर मी ‘इंटरेस्टिंग’ इतकंही सभ्य काही म्हणेन की नाही, शंका आहे. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते असं. तिनं कितीही घातलं तरी अळणीच.

नावडतीची आवडती होऊ शकते, हे अमेरिकेत दिसलं. न्यू जर्सीतला माझा मामेभाऊ इंग्रजांच्या या कटकटीवर हसतो. त्याच्याकडे बारमध्ये बसलं की आधी स्प्राउट्स मागवतात, तळून कडा काळ्या केलेले, वर मध आणि मिरची. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड चँग यांच्या मोमोफुकू हॉटेलांनी भाजलेल्या स्प्राउट्सना फिश सॉस लावून खाऊ घातलं आणि ज्या भाजीला घरात कुणी हात लावत नव्हतं ती लोक पैसे मोजून खायला लागले. आइंडहोवनची मैत्रीण डच पद्धतीनं बटाट्यात कुस्करते आणि वर जायफळ किसते. बेल्जियमचं स्टूम्प त्याच वळणाचं. आणि खुद्द इंग्रज? २६ डिसेंबरला उरलेले बटाटे आणि स्प्राउट्स तव्यावर दाबून बबल अँड स्क्वीक करतात, तेव्हा बुडाच्या खरपुडीसाठी भांडणारी मंडळी आदल्या दिवशी तोंड वाकडं करणारीच असतात. त्यांना हे लक्षात आणून दिलं की म्हणतात, ते वेगळं.

माझी रोजची पद्धत साधी आहे. बिडाचा तवा चांगला तापवायचा, तेल जरा सढळ, गड्डे उभे अर्धे करून चिरलेली बाजू खाली ठेवायची, आणि हात बांधून उभं राहायचं. मराठी माणसाला हेच जड जातं, उलथनं हातात असलं की आपण हलवतोच. कडेची पानं करपायला लागून घरात खमंग वास सुटला की मग एकदाच उलटायचे. वरून मोहरी, हिंग, सुकी मिरची, कढीपत्त्याची फोडणी, लिंबू, ओलं खोबरं. पाहुणे यायचे असतील तर भरले करते. इंग्रज बायका गड्ड्याच्या बुडाला फुलीची चीर देतात, जाड देठ बरोबरीनं शिजावा म्हणून; हल्लीचे आचारी मात्र सांगतात की त्या चिरेतून पाणी शिरून गड्डा गाळ होतो. मी चीर शेंड्याकडून देते, भरल्या वांग्याला देतो तशी, देठ शाबूत ठेवून. त्याआधी थोडे वाफवायचे, नाहीतर पानं इतकी घट्ट असतात की उकलायला जावं तर तुटून हातात येतात. मग दाण्याचं कूट, तीळ, गोडा मसाला, चिंचेचा कोळ आणि गूळ कालवून अंगठ्यानं आत दाबायचं. गुळाला हात आखडू नये. निगुतीचं काम आहे, तासभर सहज जातो. एकदा हौसेनं आईला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. ती शांतपणे बघत होती. शेवटी म्हणाली, “एवढे बारके बारके सोलत बसलीस, त्यापेक्षा एक कोबी आणला असतास तर?” याला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

पोटात वारा धरतो ही तक्रार मात्र सोळा आणे खरी, हिंगाशिवाय या भाजीच्या वाटेला जाऊ नये. शेजारचे आजोबा रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेतात. स्प्राउट्समध्ये के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या गोळीच्या आड येतं. डॉक्टर सांगतात ते इतकंच की पालेभाज्यांचं खाणं एकदम वाढवू-घटवू नका, रोजचं ठेवा. आजोबांनी याचा अर्थ आपल्या सोयीनं लावलाय. दर नाताळात गोळीचं नाव सांगून ते ताट मागं घेतात, आणि आजी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघतात तिच्यात काळजी कमी आणि हेवा जास्त असतो.

आमचा मुलगा इथंच जन्मला. दात आल्यापासून आमटीतले ‘बारके कोबी’ वेचून खायचा, एकेक पान सोलत, आतला पिवळा गाभा शेवटी. शाळेत जायला लागला, पहिल्या डिसेंबरात वर्गाचं नाताळ-जेवण झालं, आणि कागदी मुकुट घालून घरी आला तो ‘स्प्राउट्स, यक’ करतच. नाक किती मुरडायचं, जीभ किती बाहेर काढायची, सगळं बसवून घेतलेलं. चाखलेस तरी का, विचारलं तर म्हणाला, “कोणीच नाही खाल्ले.” मला हसू आलं आणि कुठेतरी लागलंही. पोरगं एका दुपारीत इथलं झालं होतं. मी अजून ऑफिसातली ती आवडीनं स्प्राउट्स खाणारी बाई आहे. भरलेले स्प्राउट्स छोटी वांगी म्हणून त्याच्या ताटात सारावेत असा मोह झाला होता, पण कधीतरी त्यालाही कळलंच असतं, आणि मग त्यानंतर माझ्या हातचं भरलं वांगंही संशयानं उकरून बघितलं असतं. नकोच ते.

मधे माझा भाऊ राहायला आला होता. लिंकन रोडवरच्या एका पोलिश दुकानात त्याला शेपूच्या ताज्या जुड्या दिसल्या. पोलिश लोक उकडलेल्या बटाट्यांवर शेपू मुक्त हस्तानं घालतात, त्यामुळे तिथं तो सुपरमार्केटसारखा चार काड्यांच्या पुडीत नाही, चांगला जुडीनं मिळतो. भावानं स्वतः डाळ भिजवली, लसूण ठेचला, आणि या घराच्या कढईत पहिल्यांदा शेपू पडला. मुलगा मामाला खेटून बसला आणि त्यानं वाटी पुसून खाल्ली. आता तोच दर शनिवारी जुडीची आठवण करतो. त्याच्या वर्गात शेपू कुणाला माहीत नाही, त्यामुळे त्याला तोंड कसं वाकडं करायचं हेही कुणी दाखवलेलं नाही. मी खिडक्या उघडून, तोंडानं श्वास घेत भाजी परतते आणि स्वतःपुरतं वेगळं पिठलं टाकते. परवा त्यानं विचारलं, “आई, तू का नाही घेत?” मी म्हटलं, “तुला जास्त उरावी म्हणून.”